लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा डीव्हीडी रायटर भरवशाचा असतो का? लग्नाच्या व्हिडिओची डिस्क अर्ध्यात बिघडते.

बहुतेक वेळा दोष रायटरचा नसतो, त्याला वीज कमी पडत असते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो. राइट करताना लेझर आणि मोटर मिळून त्याहून जास्त खेचतात. म्हणून हबमध्ये, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीत, अजिबात लावू नका. थेट लॅपटॉपला, जमल्यास ३.० पोर्टला आणि सोबत आलेल्या आखूड केबलनेच जोडा. दोन तोंडांची केबल असेल तर दोन्ही तोंडं लावा.

वेगाची काळजी नको. हे पातळ रायटर साधारण ८एक्सने, म्हणजे सेकंदाला ११ एमबीच्या आसपास लिहितात. तेवढं यूएसबी २.० ला सहज झेपतं. पूर्ण ४.७ जीबीची डिस्क दहा-बारा मिनिटांत होते. लग्नाचा व्हिडिओ असेल तर मी ४एक्सलाच ठेवेन. आणि ‘व्हेरिफाय’वर, म्हणजे लिहिलेली डिस्क तपासून घेण्याच्या पर्यायावर, टिक हवीच, वेळ लागला तरी चालेल.

एवढं करूनही बिघडलीच तर आधी डिस्कची कंपनी बदलून बघा. सुट्ट्या मिळणाऱ्या स्वस्त डिस्कनी चांगले रायटर उगाच बदनाम होतात.