मोहीम फसली, तरी बढती कशी?

प्रश्न : दादा, मी नागपूरला राहून एमपीएससीचा अभ्यास करतेय. रेशीम मार्ग वाचताना झांग छियानचं नाव येतं. पण तो ज्या कामासाठी गेला ते तर झालंच नाही, मग त्याला बढती कशी मिळाली? आणि तो भारतात आला होता का?

उत्तर : प्रश्न एकदम बरोबर पकडला तू, पुस्तकात हे दोन ओळीत उरकतात म्हणून गोंधळ होतो. इ.स.पू. 138 मध्ये चीनच्या हान घराण्यातल्या सम्राट वूने या दरबारातल्या साध्या अधिकाऱ्याला शंभरेक माणसं देऊन पश्चिमेला पाठवलं, मध्य आशियातल्या युएची या भटक्या लोकांना, चीनच्या उत्तरेकडच्या श्योंग्नू या भटक्या टोळ्यांविरुद्ध सोबत घ्यायला. वाटेतच श्योंग्नूंनी पकडला, दहा वर्षं अडकवून ठेवला, तिथे बायको-मुलगा झाला, पण पठ्ठ्याने सम्राटाने दिलेली राजदूताची काठी काही सोडली नाही आणि संधी मिळताच पळाला तो घरी नाही, पुढेच, मध्य आशियातल्या फरगाणा खोऱ्यामार्गे युएचींकडे. ते म्हणाले आम्ही इथे सुखात आहोत, लढाई नको. परतताना पुन्हा कैद. इ.स.पू. 126 च्या सुमारास राजधानीत पोचला तेव्हा सोबत बायको आणि गानफू नावाचा एकच साथीदार.

पण त्याने जो रिपोर्ट दिला ना, बढती त्याची आहे. कुठे कोणतं राज्य, फौज किती, घोडे कसे, बाजारात काय विकतात, सगळं. बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडे, त्याला चीनच्याच सिचुआनकडचं कापड आणि बांबूच्या काठ्या दिसल्या, विचारलं तर व्यापारी म्हणाले भारतातून आणतो. गडचिरोलीच्या बाजारात बांबूची काठी कोणी वळून बघणार नाही, याने तिच्यावरून ताडलं की सिचुआनहून भारताला जाणारी वाट असणारच! मला हा माणूस आवडतो तो यासाठी. सम्राटाने त्या वाटेच्या शोधात माणसं पाठवली, ती युन्नानकडे अडली.

करिअर सरळ नव्हतं हेही लक्षात ठेव. इ.स.पू. 123 मध्ये सरदारकी मिळाली, दोन वर्षांनी लढाईत ठरल्या वेळी पोचला नाही म्हणून मृत्युदंड, तो पैसे भरून टळला पण पदवी गेली. नंतर पुन्हा 300 माणसं घेऊन मध्य आशियातल्याच वूसून या भटक्या लोकांकडे गेला. भारतात तो स्वतः कधीच आला नाही, पण वूसूनांकडूनच त्याने आपले सहायक दूत वेगवेगळ्या देशांत पाठवले, त्या यादीत भारतही आहे.