अल्ट्रासाउंड लावलं, पण काहीच जाणवलं नाही

प्रश्न : ताई, मी बॅडमिंटन खेळतो. टाचेमागची शीर दुखते म्हणून फिजिओकडे अल्ट्रासाउंड घेतोय. गार जेल लावतात आणि मशीनचं तोंड गोल गोल फिरवतात, बस. ना मुंग्या, ना शेक. मशीन बंद तर नसेल? दुखणं आहे तसंच आहे. सिटिंग वाढवू का?

उत्तर : मुंग्या येतात त्या टेन्स नाहीतर आयएफटी या विजेच्या मशीनच्या करंटने. अल्ट्रासाउंडमध्ये अंगात करंट जातच नाही, जातात ती कंपनं. तुमची शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी, म्हणजे अकिलिस टेंडन) कातडीलगत असल्यामुळे बहुधा ३ मेगाहर्ट्झ लावत असतील, म्हणजे सेकंदाला ३० लाख कंपनं. खोलवरच्या स्नायूंना १ मेगाहर्ट्झ. मध्ये हवा राहिली तर लहरी तिथूनच परत फिरतात, जेल त्यासाठी असतं. पल्स्ड मोडवर, म्हणजे लहरी थांबून थांबून सोडल्या, तर ऊबही लागत नाही. तरी शंका असेल तर फिजिओंना बिनधास्त विचारा. मशीनचं तोंड वर करून त्यावर दोन थेंब पाणी टाकायचं आणि क्षणभर मशीन लावायचं. थेंब थरथरून उडाले की चालू आहे. आमच्याकडेही हेच करतात. मात्र हाडाशी ठणका लागला तर गप्प बसू नका, लगेच सांगा.

आता सिटिंगचं. माझं मत : वाढवू नका. २००१ साली एका आढाव्यात अल्ट्रासाउंडच्या ३५ चाचण्या तपासल्या होत्या. नीट केलेल्या निघाल्या १०, आणि त्यातल्या दोनच ठिकाणी खरं मशीन बंद ठेवून नुसत्या फिरवलेल्या मशीनपेक्षा सरस ठरलं : कार्पल टनेल (मनगटात नस दबणं) आणि खांद्याच्या शिरेत साठलेलं कॅल्शियम. (आमच्या धंद्यात हे मोठ्याने बोललेलं सगळ्यांना आवडत नाही.)

टाचेमागच्या शिरेला हवा असतो भार, तोही हळूहळू वाढवलेला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहा, दोन्ही पायांनी वर चढा आणि दुखऱ्या पायावर अगदी सावकाश टाच खाली न्या. १५ वेळा, असे तीन सेट. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलेलं चालणार नाही. फरक पडायला बारा आठवडे धरा. दुखणं बरोबर टाचेच्या हाडावरच असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका, सपाट जमिनीवर करा.

खेळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर मात्र व्यायाम नको, मशीनही नको. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. शीर तुटली का, हे ते तपासून आणि सोनोग्राफीत पाय हलवून बघतात.