वाचकांचे प्रश्न : परदेशातला कमर्शिअल पायलट परवाना भारतात चालवायचा तर

प्रश्न (एक पालक, इचलकरंजी) : मुलगा अमेरिकेतून कमर्शिअल परवाना, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडायची पात्रता) घेऊन मार्चअखेर परत आला. एकूण 214 तास झालेत. इथं सगळे पेपर पुन्हा द्यायचे का? थोडी विश्रांती घेऊन दिवाळीनंतर सुरुवात केली तर चालेल का?

उत्तर : सगळे पेपर नाहीत. परदेशी परवाना असलेल्याला एअर रेग्युलेशन्स आणि कॉम्पोझिट असे दोन पेपर असतात. कॉम्पोझिटमध्ये नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र एकत्र येतं. दोन्हींत पास व्हायला 70 टक्के लागतात. याशिवाय क्लास 1 मेडिकल, रेडिओचा परवाना, इंग्रजीची किमान लेव्हल 4 आणि अमेरिकेच्या एफएएकडून (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) परवाना खरा असल्याची पडताळणी, एवढं सगळं जुळावं लागतं.

दिवाळीपर्यंत मात्र थांबू नका. 200 तासांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण अर्ज अडतो तो तारखांवर. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत पायलट-इन-कमांड (पीआयसी), म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेला पायलट, म्हणून किमान 15 तास झालेले हवेत. रात्रीची 10 टेकऑफ आणि 10 लँडिंगही त्याच मुदतीत बसावी लागतात, आणि स्किल टेस्टसुद्धा. मार्चमध्ये केलेलं उड्डाण सप्टेंबरअखेर जुनं होतं. पहिल्या प्रयत्नात कॉम्पोझिट राहिला की मुदत हातची जाते. मग बारामतीसारख्या ठिकाणी फ्लाइंग स्कूलमध्ये नाव घालून पुन्हा तास आणि चेक करावे लागतात, त्याचे पैसे वेगळे.

म्हणून याच आठवड्यात दोन कामं हाती घ्या. पहिलं, परीक्षेसाठी लागणारा डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) कॉम्प्युटर नंबर, म्हणजे उमेदवाराचा नोंदणी क्रमांक. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी लागते. आपलं विभागीय मंडळ कोल्हापुरातच आहे, तेव्हा पत्रापत्री करण्यापेक्षा स्वतः जाऊन या. दुसरं काम नावाचं. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. अमेरिकन परवाना पासपोर्टप्रमाणे निघतो, आणि पासपोर्टवरच्या नावात बऱ्याचदा वडिलांचं नाव नसतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा.

प्रश्न (एक वाचक, राजारामपुरी) : माझ्या अमेरिकन लॉगबुकात पीआयसी 128 तास दिसतात. इथं एका जाणकारानं मोजून 90 च्या आतच सांगितले. लॉगबुक खोटं आहे का?

उत्तर : खोटं नाही, दोन देशांची मोजायची रीत वेगळी आहे. लॉगबुकाचं मधलं एखादं पान उघडा. एकाच ओळीत 'पीआयसी' खाली 1.4 आणि 'ड्युअल रिसीव्ह्ड' (इन्स्ट्रक्टरबरोबर शिकताना) खालीही 1.4 लिहिलेलं सापडेल. ज्या विमानाचं रेटिंग हातात आहे ते स्वतः चालवत असाल, तर शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असला तरी तो वेळ अमेरिकेत पीआयसी म्हणून लिहिता येतो. मित्र हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्याला लावायचा आडोसा) घालून उडत असताना सेफ्टी पायलट म्हणून, म्हणजे बाहेर लक्ष ठेवायला, बसलेला वेळही तिथं बहुतेकदा पीआयसीतच जातो. आपल्याकडे इन्स्ट्रक्टरबरोबरचं उड्डाण ड्युअलच, आणि सेफ्टी पायलटच्या तासांवर भरवसा ठेवू नका.

डीजीसीएला एकूण 200 तासांत 100 तास पीआयसी हवेत. त्यातले 20 तास क्रॉस-कंट्रीचे (निघालेल्या विमानतळापासून लांब जायच्या उड्डाणांचे), आणि त्यात 300 नॉटिकल मैलांचं एक उड्डाण असं की वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर फुल-स्टॉप लँडिंग (उतरून पूर्ण थांबणं) झालेलं असावं. टच-अँड-गो, म्हणजे चाकं टेकवून लगेच पुन्हा उडणं, धरत नाहीत. लॉगबुकात विमानतळांची नुसती नावं असतील, तर फुल-स्टॉपचा शेरा घालून इन्स्ट्रक्टरची सही अमेरिकेतच घ्या. परत आल्यावर ती मिळवणं फार जिकिरीचं. रात्रीचे 5 तास पीआयसी आणि 10 तास इन्स्ट्रुमेंटही हवेत. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी वेगळं गणित आहे : 50 तास क्रॉस-कंट्री पीआयसी आणि 40 तास इन्स्ट्रुमेंट.

आणखी एक खाच. आपल्या नियमातली रात्रीची क्रॉस-कंट्री टेस्ट 120 नॉटिकल मैलांची असते आणि मधे कुठंही न उतरता निघालेल्या ठिकाणी परतायचं असतं. अमेरिकन अभ्यासक्रमातल्या रात्रीच्या क्रॉस-कंट्रीत दुसऱ्या विमानतळावर उतरलेलं असतं, त्यामुळे ती इथं जुळत नाही. दिवसाची टेस्ट 250 मैलांची. अजून तिथं शिकत असलेल्यांनी हे आकडे कागदावर लिहून इन्स्ट्रक्टरसमोर ठेवावेत. अमेरिकेत पार्ट 141 च्या (एफएएनं अभ्यासक्रम मंजूर केलेल्या) शाळेतून 190 तासांतही परवाना मिळतो, आपल्याला तो 10 तासांनी कमी पडतो.

प्रश्न (एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज) : कॉम्पोझिटमध्ये 64 टक्के पडले. प्रश्नसंच दोनदा पाठ केला होता. कुठं चुकतंय?

उत्तर : पाठ करण्यातच चुकतंय. आकडे बदलले की पाठांतर कामाला येत नाही. पॉइंट ऑफ नो रिटर्न घ्या, म्हणजे जिच्या पुढे गेलं की परतायला इंधन पुरत नाही ती जागा. एन्ड्युरन्स (इंधन पुरेल तेवढा वेळ) 4 तास 45 मिनिटं, त्यात 45 मिनिटं राखीव. टीएएस (विमानाचा हवेतला खरा वेग) 120 नॉट, जाताना समोरून 20 नॉट वारा. म्हणजे जाताना ग्राउंडस्पीड (जमिनीच्या मानानं वेग) 100, येताना 140. राखीव वजा करून 4 तास धरले, तर 4 गुणिले 140 भागिले 240 (100 अधिक 140), म्हणजे 2 तास 20 मिनिटं, अंतर 233 मैल. राखीव वजा करायला विसरलात तर 277 येतात, आणि असा चुकीचा आकडा पर्यायांत हमखास दिलेला असतो. आपलं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणून खूश होऊ नका, आधी प्रश्न पुन्हा वाचा.

जायरोचा अर्थ-रेट (पृथ्वी फिरल्यामुळे जायरोची दिशा सरकते तो वेग) अक्षांशावर अवलंबून असतो : 15 गुणिले अक्षांशाची साइन. कोल्हापूर साधारण 16 अंश 40 मिनिटांवर, म्हणजे ताशी 4.3 अंश. फ्लोरिडात 28 अंशांवर हेच 7 होतात. अशी उदाहरणं स्वतः तयार करून सोडवा. उजळाईवाडीचा, म्हणजे कोल्हापूरचा, विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळजवळ 2,000 फुटांवर आहे. क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला तिथला दाब) 1005 असेल, तर 1013 या प्रमाण दाबापेक्षा 8 हेक्टोपास्कल कमी. एका हेक्टोपास्कलला 30 फूट धरले तर प्रेशर अल्टिट्यूड (प्रमाण दाबाच्या पातळीपासून मोजलेली उंची) 2,240. अमेरिकेत दाब इंचांत वाचायची सवय झालेल्यांचा इथं अधिक-उणेचा घोटाळा होतो. दाब कमी तर प्रेशर अल्टिट्यूड जास्त, हे डोक्यात पक्कं बसवा.

हवामानशास्त्रात परदेशी शिकलेले अडतात ते भारतीय ऋतूंवर, आणि ते तर आपल्या दाराशी आहेत. एप्रिल-मे मधला वळीव म्हणजे दुपारची तापलेली जमीन, अस्थिर हवा आणि संध्याकाळी क्युम्युलोनिंबस (गडगडाटी वादळाचे ढग). बंगालकडे याच दिवसांत नॉरवेस्टर (गडगडाटी वादळ) आणि राजस्थान-दिल्लीकडे आंधी (धुळीचं वादळ) येते. जुलैत वारा सह्याद्रीवर आपटून वर चढतो म्हणून गगनबावडा झोडपला जातो, आणि पूर्वेला शिरोळपर्यंत जाताना पाऊस कमी कमी होत जातो. ओरोग्राफिक (डोंगरामुळे पडणारा) पाऊस आणि पर्जन्यछायेचा अख्खा धडा एका जिल्ह्यात आहे. मान्सूनचा ब्रेक म्हणजे ट्रफ (कमी दाबाचा पट्टा) हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो. तिथं पाऊस वाढतो आणि आपल्याकडे उघडीप मिळते. जेट म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा : ईस्टर्ली जेट मान्सूनमधला, वेस्टर्ली जेट हिवाळ्यात उत्तरेकडचा. यांची अदलाबदल केली की चार-पाच गुण सहज जातात.

रेग्युलेशन्सही आताच सुरू करा. अमेरिकेत रात्री व्हीएफआर, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत, सर्रास उडतात. आपल्याकडे सूर्यास्तानंतर 20 मिनिटांपासून सूर्योदयाआधी 20 मिनिटांपर्यंत व्हीएफआर बंद. एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रण) परवानगीनं होणारी स्थानिक आणि प्रशिक्षणाची उड्डाणं तेवढी अपवाद.

प्रश्न (एक वाचक, कागल) : रेडिओची परीक्षा दूरसंचार विभाग घेतो की डीजीसीए?

उत्तर : पूर्वी दूरसंचार विभाग घेत असे. 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियम, 2024 नं हे काम डीजीसीएकडे दिलं, तेव्हा जुन्या नोट्समधल्या अर्जाच्या पायऱ्या वापरू नका. तोंडी परीक्षेत अमेरिकन सवयी गुण खातात. फ्रिक्वेन्सी सांगताना तिथं 'पॉइंट' म्हणतात, इथं 'डेसिमल' म्हणायचं. दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगायचा. मेडे (संकटाचा) आणि पॅन-पॅनचे (तातडीचा) पूर्ण संदेश घरी मोठ्यानं बोलून सराव करा, मनातल्या मनात नको.

प्रश्न (एक विद्यार्थी, सध्या अमेरिकेत, मूळ गाव पन्हाळा) : चेकराइड (परवान्याची उड्डाण परीक्षा) झाल्यावर हाती कागदी परवाना मिळाला. तोच घेऊन निघू का?

उत्तर : तो तात्पुरता आहे, 120 दिवसांचा. प्लॅस्टिकचं कार्ड टपालानं नोंदवलेल्या पत्त्यावर येतं. खोली सोडणार असाल तर आधी एफएएकडे पत्ता बदला, नाहीतर कार्ड रिकाम्या घराच्या पेटीत पडून राहील. निघण्यापूर्वी लॉगबुकाच्या प्रत्येक पानाची बेरीज तपासून शाळेची सही-शिक्का घ्या, आणि पासपोर्टवरच्या येण्याजाण्याच्या शिक्क्यांशी उड्डाणांच्या तारखा पडताळून बघा.