गुडघ्यातलं वंगण खरंच संपतं का?

प्रश्न : नमस्कार ताई, आईचं वय ६१, दोन वर्षं झाली गुडघे दुखतायत. एक्सरे काढला तर म्हणाले गॅप कमी झालाय, वंगण संपलंय, चालणं कमी करा. शेजारच्या काकूंनी सांध्यांसाठी विकतात ती ग्लुकोसामाइनची पावडर सांगितलीय, आणि एका ठिकाणी दुर्बिणीतून गुडघा साफ करून घ्या म्हणाले. आईने आता देवळात जायचंपण सोडलंय. काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी आईंना पुन्हा देवळात जाऊ दे, सपाट रस्त्याने, सुरुवातीला दहाच मिनिटं, पण रोज. 'वंगण संपलं' हे ऐकून चांगली चालती-फिरती माणसं घाबरून पलंग धरतात, मला फार वाईट वाटतं त्याचं. कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेली गुळगुळीत गादी, झिजते हे खरं आहे, पण तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, सांध्यातल्या पाण्यातूनच तिचं पोषण होतं आणि ते पाणी खेळतं ठेवायला हालचाल लागते, मग बसून राहून कसं चालेल? आणि दुखणं एक्सरेवरून मोजता येत नाही, एक्सरे खराब असून मजेत फिरणारे लोक आहेत आणि बरा असून कळवळणारेही आहेत.

दुर्बिणीचं म्हणाल तर नुसत्या झिजेसाठी नको. अमेरिकेत ह्यूस्टनला १८० पेशंट घेतले होते, काहींचा गुडघा खरंच आतून धुतला, साफ केला, आणि काहींना फक्त वरून छेद देऊन टाके घातले, कोणाला काय केलं ते पेशंटना सांगितलंच नाही. दोन वर्षांनी बघितलं तर दुखणं सगळ्यांचं सारखंच! २००२ सालची गोष्ट आहे ही. ग्लुकोसामाइनचंही २००६ मध्ये अमेरिकेतच १५८३ लोकांवर तपासून झालं, एकंदरीत औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा विशेष फरक नाही. तो पैसा फिजिओथेरपीला घाला. २०२० च्या एका अभ्यासात वर्षभराने स्टिरॉइडच्या इंजेक्शनवाल्यांपेक्षा फिजिओवाले जास्त बरे होते.

मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याचा भार तेच उचलतात, म्हणून पाय सरळ ठेवून उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, हे शिकून घ्या. पहिले काही दिवस थोडं दुखेल, घाबरू नका. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो.

एक मात्र नक्की विचारा, सकाळी उठल्यावर सांधे तासभर आखडलेले असतात का, हाताच्या बोटांना सूज आहे का? असेल तर हा आमवात असू शकतो, त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, त्याची औषधं वेगळी आणि ती लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात, तेव्हा थेट संधिवाततज्ज्ञांकडे जा. मागे चिकुनगुनिया झाला असेल तर तेही सांगा. आणि बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणू नका, आधी वरून लावायच्या डायक्लोफेनॅक जेलबद्दल डॉक्टरांना विचारा.