जुन्या स्टिरिओ अँप्लिफायरचा बायस स्वतः तपासून लावता येतो का? किती मिलिव्होल्ट ठेवावा?

येतो. बायस म्हणजे गाणं वाजत नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट. पण जुना प्रीसेट (तो करंट कमीजास्त करणारा छोटा फिरवायचा रेझिस्टर) फिरवण्याआधी तो बदला. हे मी दोन आउटपुट ट्रान्झिस्टर घालवून शिकलो, आणि थोरला भाऊ आजही ऐकवतो, "चांगला चालणारा अँप्लिफायर मारलास."

चांगला चालणारा! व्हॉल्यूम शून्यावर असताना उजवीकडच्या ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर (आउटपुट ट्रान्झिस्टरचा करंट ज्यातून जातो तो) ३१ मिलिव्होल्ट होते, म्हणजे १४० मिलिअँपिअर. डावीकडे ७. दादाची तपासणी काय, तर हीटसिंकला (ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याला) हात लावून "कोमट आहे, राहू दे". मी उजवा प्रीसेट केसभर मागे घेतला. वर्षानुवर्षं एका जागी बसलेला त्याचा वायपर, म्हणजे आतला सरकता संपर्क, पट्टीवरून सुटला, आणि त्या सर्किटमध्ये प्रीसेट ओपन झाला की बायस उतरत नाही, थेट टोकाला जातो. स्विचपर्यंत हात पोचेतो खेळ संपला होता. फ्यूज गेला, पण ट्रान्झिस्टर गेल्यावर. सिरीज बल्ब (मेन्सच्या वाटेत जोडलेला, जास्त करंट रोखणारा दिवा) लावला नव्हता, ही चूक माझी. वायपर सुटला ही नाही. दादाला ३१ चा आकडा लिहिलेला कागद दाखवला तर म्हणतो, तुझं मीटर बिघडलंय.

आकडा मॅन्युअलमध्ये असेल तोच ठेवा. सगळ्यांना सरसकट एकच मिलिव्होल्ट सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ०.३३ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे ३० मिलिअँपिअर, ०.४७ वर तेच २१ होतात. दोन्ही एमिटर रेझिस्टर मिळून मोजत असाल तर आकडा दुप्पट येणार. वीसेक मिनिटं तापू द्या, मग लावा. ट्रान्झिस्टर तापला की बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट उतरतं, त्यामुळे थंडपणी लावलेला आकडा टिकत नाही. बायस फार कमी पडला तर हळू आवाजात खरखर कळते. पण वाढवत नेला की आवाज गोड होतो, हे दादाचं दुसरं शास्त्र. त्याने फक्त हीटसिंक तापतो.

मी आता दोन्हीकडे बंद डबीचे मल्टिटर्न (अनेक फेऱ्यांत हळूहळू फिरणारे) प्रीसेट टाकलेत. दोन्ही बाजू ७ वर.

हो, स्पीकर आधी काढा. मीटरच्या वायरी अँप्लिफायर बंद असतानाच क्लिपने अडकवा, चालू असताना टोक निसटलं तर माझ्यासारखीच गत होईल. आणि हे सगळं ट्रान्झिस्टरवाल्यांपुरतं. तुमचा व्हॉल्व्हचा असेल तर आत शेकडो व्होल्ट असतात, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. तिथे माझं ऐकून हात घालू नका.