चित्राच्या पाठीवर ढाल कशासाठी?

प्रश्न : सर, आमचं घर सुतारकी करणारं, गाव अंजनगाव सुर्जीजवळ. मुलीच्या पुस्तकात प्रबोधनकाळातलं, लाकडी फळीवर रंगवलेलं एक व्यक्तिचित्र आहे. त्याच्या मागच्या बाजूला घराण्याची ढाल, म्हणजे ढालीच्या आकारात रंगवलेलं घराण्याचं चिन्ह, आहे म्हणतात. आमच्याकडच्या गाविलगड किल्ल्याच्या दरवाज्यावरचे सिंह आणि गंडभेरुंड (दोन तोंडांचा पक्षी) येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत म्हणून कोरले. मग ही ढाल भिंतीकडे तोंड करून का?

उत्तर : ताई, अशी बरीच चित्रं भिंतीसाठी नव्हतीच. ती पेटीत किंवा पिशवीत ठेवायची आणि पाहायची तेव्हा हातात घ्यायची. हातात घेतलेली वस्तू माणूस उलटून पाहतोच.

फ्लँडर्सचा (आजच्या बेल्जियमकडचा) चित्रकार रोजिअर व्हान डर वायडेन याचं, 1460च्या सुमाराचं फ्रान्चेस्को देस्तेचं चित्र घ्या. ते आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. उंची जेमतेम 30 सेंटिमीटर. पुढे पांढुरक्या पार्श्वभूमीवर काळ्या कपड्यातला तरुण, हातात हातोडी आणि अंगठी. हा इटलीतल्या फेराराचा सत्ताधीश लिओनेल्लो देस्ते याचा अनौरस मुलगा, घरापासून लांब, बर्गंडीच्या ड्यूकच्या दरबारात वाढलेला. चेहऱ्यावरून त्याचं घराणं कोणाला कळणार? फळी उलटली की एस्ते घराण्याचा पांढरा गरुड आणि फ्रान्सच्या राजाने दिलेली सोनेरी लिलीची फुलं दिसतात. या ढालीमुळेच अभ्यासक बरीच वर्षं हे चित्र बापाचं समजत होते. ‘फ्रान्सिस्क’ हे नावही पाठीवरच आहे, आणि मुलाची ओळख पटायला तेच कामी आलं. मला हे चित्र पुढून जितकं आवडतं, तितकंच मागून. परक्या मुलखात राहणाऱ्या या मुलाला ती ढाल किती मोलाची वाटली असेल!

पाठ रंगवायला दुसरं कारण लाकडाचं, पण ते तुम्हाला मी काय सांगावं? एकाच अंगाला रंग दिलेली फळी दमट हवेत कशी वाकते, ते तुमच्या घरात रोजचंच. मागूनही रंग दिला की ओल दोन्हीकडून सारखी राहते. फ्लँडर्समध्ये ओक वापरत, इटलीत बहुधा पॉप्लर.

आणि ढाल फक्त राजघराण्यांची असे, असंही नाही. विशीही न गाठलेल्या जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने 1490 मध्ये वडिलांचं चित्र काढलं, ते फ्लोरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे. वडील सोनार. तरी फळीच्या पाठीवर बापाच्या आणि आईच्या, दोन्ही घरांच्या ढाली शेजारी-शेजारी आहेत. ड्यूररांच्या ढालीवर काय असतं ठाऊक आहे? उघडं दार. मुलीला ते चित्र शोधायला सांगा, आणि मागची बाजूही बघा म्हणावं.