अरबीचा पहिला वर्ग आणि देवनागरीची कुबडी

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील असून यंदा दिल्लीतील एका विद्यापीठात अरबीच्या बी.ए.ला प्रवेश घेतला आहे. अरबीशी, किंबहुना उर्दूशीही, माझा पूर्वी कधी संबंध आला नव्हता. वर्गातील बरीच मुले मदरशात शिकून आलेली असल्यामुळे ती धडा सहज वाचतात आणि मी अजून अक्षरे जुळवत बसते. सोयीसाठी प्रत्येक शब्द मी वहीत देवनागरीत उतरवून घेते, परंतु परीक्षेत तोच शब्द अरबी लिपीत समोर आला की ओळखता येत नाही. वसतिगृहातील एका इजिप्शियन विद्यार्थिनीशी पाठ केलेली वाक्ये बोलले, तेव्हा तिला हसू आवरेना. मी विषय बदलावा का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : विषय बदलू नका, वही मात्र आजच बदला. तुमच्या पत्रातील खरी अडचण मदरसा नसून देवनागरीत उतरवून घेण्याची ती सवय आहे. अरबीत ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. आणि त्यातील ‘क’ घशाच्या आतून, पडजिभेपाशी उच्चारला की तोच शब्द ‘हृदय’ होतो. तुमच्या वहीत हे दोन्ही शब्द एकसारखेच दिसत असणार. अरबीतील तीन निरनिराळी अक्षरे आपण ‘स’ अशी लिहितो, दोन ‘त’ अशी आणि दोन ‘ह’ अशी. आणि ‘ऐन’ या अक्षराच्या ध्वनीसाठी तर आपल्याकडे चिन्हच नाही.

याचा पुरावा मराठीतच सापडतो. जमा, मजकूर, जकात, जिल्हा आणि जाहीर हे पाचही शब्द मुळात अरबी असून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. आपण ते सारे ‘ज’नेच लिहितो, अरबीत मात्र त्यांत अनुक्रमे जीम, धाल, ज़ाय, दाद आणि ज़ा अशी पाच वेगळी अक्षरे आहेत. यांपैकी ‘दाद’ हे अक्षर अरबांना इतके आपले वाटते की ते आपल्या भाषेला ‘दादची भाषा’ म्हणतात. आणि नेमके तेच आपण हजर, अर्ज, कर्ज, काजी या शब्दांत बिनदिक्कत ‘ज’ करून टाकले. (तुम्ही ज्या ‘जिल्ह्या’तून आलात, त्या शब्दाचा अरबीतील मूळ अर्थ बरगडी असा आहे.)

तेव्हा पुढील काही आठवडे देवनागरी पूर्णपणे बाजूला ठेवा. अक्षरे 28 आहेत, शब्दातील स्थानानुसार त्यांचे रूप बदलते आणि त्यांपैकी सहा अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. रोज एक पान हाताने लिहीत गेलात तर हे अंगवळणी पडायला फार वेळ लागत नाही. त्यापेक्षा जास्त त्रास ऱ्हस्व स्वरांचा होतो, कारण पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या धड्यांत अक्षरांच्या वर-खाली छापलेली त्यांची चिन्हे वृत्तपत्रात जवळजवळ नसतातच. म्हणजे शब्द आधी माहीत असल्याखेरीज तो नीट वाचता येत नाही, आणि म्हणूनच प्रत्येक नवा शब्द डोळ्यांइतकाच कानांनी शिकावा लागतो. ध्वनिमुद्रित धडा आधी तीन-चार वेळा ऐकावा आणि मगच पुस्तक उघडावे, असा क्रम मी सुचवेन.

व्याकरणात मात्र तुम्ही इंग्रजी भाषकापेक्षा पुष्कळ पुढे आहात. ‘तू लिहितोस’ आणि ‘तू लिहितेस’ हा भेद अरबीत ‘तक्तुबु’ आणि ‘तक्तुबीना’ असा होतो. फरक इतकाच की, आपण ‘लिहितो’ आणि ‘लिहिते’ असे म्हणतो तिथे अरब पुरुष असो वा स्त्री, ‘अक्तुबु’ एवढेच म्हणतात. शाळेत संस्कृत घेतले असेल तर द्विवचनाचेही भय वाटणार नाही : एक ‘किताब’, दोन ‘किताबान’, अनेक ‘कुतुब’. शेवटच्या रूपात शब्दाला प्रत्यय न लागता त्याचे आतले स्वरच बदलले आहेत, हे नजरेस आले की अरबीची किल्ली हाती आलीच. क-त-ब या तीन व्यंजनांतून किताब, कातिब म्हणजे लिहिणारा, मक्तब म्हणजे कचेरी किंवा लिहिण्याचे मेज, आणि मक्तबा म्हणजे ग्रंथालय असे शब्द तयार होतात. ‘दरसा’ म्हणजे तो शिकला आणि मधले व्यंजन दुहेरी करून ‘दर्रसा’ म्हणजे त्याने शिकवले. आपल्या ‘शिकणे’ आणि ‘शिकवणे’ यांच्यासारखेच हे आहे. हान्स वेर यांच्या प्रसिद्ध कोशातही शब्द या मुळांखालीच लावलेले आहेत, त्यामुळे ‘मक्तबा’ हा शब्द ‘म’मध्ये शोधणारा विद्यार्थी रिकाम्या हातांनी परततो.

ओळखीच्या शब्दांवर मात्र फार विसंबू नका. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका किंवा विचित्र, ‘तकरार’ म्हणजे पुनरावृत्ती, ‘फुर्सा’ म्हणजे संधी, आणि ‘वकील’ हा प्रतिनिधी असतो. न्यायालयात उभा राहतो तो ‘मुहामी’.

मैत्रिणीच्या हसण्याचे मनाला लावून घेऊ नका. तुम्ही पुस्तकी, प्रमाण अरबी बोललात. ती वृत्तपत्रांची आणि भाषणांची भाषा आहे, घरात ती कोणी बोलत नाही. ‘तुला काय हवे?’ हे पुस्तकात ‘माज़ा तुरीद?’ असते, कैरोत पुरुषाला ‘आयिज़ एह?’ असे विचारतात आणि दमास्कसमध्ये ‘शू बिद्दक?’ असे. मंडईत भाजीवाल्याशी कोणी ग्रांथिक मराठीत बोलू लागले तर आपणही हसूच. पहिली दोन वर्षे प्रमाण भाषाच पक्की करा. मात्र इजिप्तची मैत्रीण आयती लाभली आहे, तर आठवड्यातून एक तास तिच्याकडून तिची बोली शिका आणि त्या वाक्यांसाठी वेगळी वही ठेवा.

राहिला प्रश्न मदरशातील सहाध्यायांचा. त्यांनी क्रियापदांची रूपे वर्षानुवर्षे पाठ केलेली आहेत, त्यामुळे तुमची त्यांच्याशी शर्यत लागूच शकत नाही. त्यांच्या शेजारी बसून ती रूपे म्हणून घेणे अधिक शहाणपणाचे. पुष्कळांचे शिक्षण जुन्या ग्रंथांच्या आधारे झालेले असल्याने आजच्या बातम्यांची अरबी आणि संभाषण त्यांनाही नवेच असते. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांसाठी अरबीला सर्वांत कठीण भाषांच्या गटात ठेवते आणि तिच्यासाठी सुमारे 88 आठवडे, म्हणजे 2200 तासिका धरते. तुमचे अजून एक सत्रही पूर्ण झालेले नाही.

प्रश्न : माझा मुलगा वाणिज्य शाखेतून बारावी झाला आहे. अरबीचे एक अक्षरही येत नसताना त्याला बी.ए.ला प्रवेश मिळेल का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : मिळू शकेल. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी अरबीची पदवी मुळाक्षरांपासून शिकवली जाते आणि बारावीची शाखा आड येत नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील प्रवेश सीयूईटी या सामाईक परीक्षेतून होतात, त्यामुळे तिचे अर्ज निघण्याच्या काळात लक्ष ठेवावे. अर्ज भरण्यापूर्वी मुलाला महिनाभर रोज अर्धा तास अरबी अक्षरे गिरवू द्या. त्या महिन्यात तो कंटाळला तर अर्जाची घाई करू नका.